चलनाचा सौदा करण्यापूर्वी ख्रिस्ती माणसाने काय तपासावे

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतून परदेशी कास्टिंग पाठवणारा फौंड्रीमालक आणि मोबाईलवर डॉलर-रुपयाचा आलेख पाहत बसणारा तरुण रविवारी उपासनेला एकाच बाकावर बसलेले असू शकतात, आणि दोघेही आपण चलनाचा व्यवहार करतो असेच सांगतील. असा व्यवहार ख्रिस्ती माणसाने करावा की नाही, या सरसकट प्रश्नाला उत्तर नाही. प्रत्येक सौद्यामागे आपले कोणते खरे येणे किंवा देणे आहे, हे बिलाचा क्रमांक, रक्कम आणि मुदत घालून सौद्यापूर्वीच वहीत लिहावे.

समजा, तीन महिन्यांनी 40,000 डॉलर यायचे आहेत. एक्स्चेंजवर, म्हणजे अशा सौद्यांच्या अधिकृत बाजारात, पुढच्या तारखेचा डॉलरचा भाव आजच ठरवणारे करार मिळतात. असा एक करार 1,000 डॉलरचा असतो, म्हणून 40 करार विकले की डॉलर एक रुपयाने उतरल्यास बिलात कमी आलेले 40,000 रुपये सौद्यात जवळपास भरून निघतात आणि कामगारांचा पगार भावावर टांगून राहत नाही. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा हिशेब करणाऱ्याचे उदाहरण (लूक 14) इथे चपखल बसते. मात्र त्याच मालकाने 60 करार विकले, तर वरच्या 20 करारांमागे कोणतेही बिल नाही. ती पैज आहे. त्या तरुणाचा तर अख्खा सौदाच पैज ठरतो.

मंदिरातील सराफांचे चौरंग येशूने उलथवले, म्हणून चलन बदलणे हेच पाप, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. परंतु मंदिराचा कर सोर येथील चांदीच्या नाण्यांत भरावा लागत असल्याने दूरदेशीच्या यात्रेकरूंना नाणी बदलून घेणे भागच होते. येशूचा शब्द ‘लुटारूंची गुहा’ असा आहे. माझ्या समजुतीप्रमाणे त्याचा रोख नाणे बदलण्यावर नसून, ज्याला दुसरा मार्ग नाही त्याच्या गरजेची लूट करण्यावर आहे. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, खरा तोल आणि खोटा तोल यांतला फरक ओळखणाऱ्या कोल्हापूरकराला हे वेगळे समजावून सांगायला नको.

कायद्याचा प्रश्नही जवळपास हाच आहे. रिझर्व्ह बँकेचे जानेवारी 2024 चे परिपत्रक 3 मे 2024 पासून लागू झाले, आणि त्यानुसार एक्स्चेंजवर रुपयाशी जोडलेले करार करणाऱ्याकडे प्रत्यक्ष येणे-देणे असणे आवश्यक आहे. 10 कोटी डॉलरपर्यंत मात्र त्याचे कागद दाखवावे लागत नाहीत. खरी परीक्षा इथेच आहे, कारण कोणी कागद मागणार नाही हे माहीत असताना दलालाच्या घोषणापत्रावर ‘येणे आहे’ म्हणून खूण करणे म्हणजे नीतिसूत्रे 11:1 मधला खोटा तराजूच होय. परवानगी नसलेल्या परदेशी ॲपवर सौदे करणे तर 1999 च्या फेमा, म्हणजे परकीय चलन व्यवस्थापन, कायद्याविरुद्धच आहे. अशा ॲपची नावे रिझर्व्ह बँक सप्टेंबर 2022 पासून सावधगिरीच्या यादीत देत आली आहे. त्यावर मंडळीतल्या तरुणांना ओढून कमिशन घेणाऱ्याबद्दल अधिक लिहिण्याची गरज वाटत नाही.

रोकडीचा विचार आधी करावा. भाव विरुद्ध गेला की कराराचा तोटा रोजच्या रोज भरावा लागतो, बिलाचे पैसे मात्र मुदतीलाच येतात. त्यामुळे तो तोटा भरण्यासाठी पगाराच्या पैशाला हात लागणार असेल, तर करार कमी घ्यावेत. अडवून ठेवलेल्या मजुरीबद्दल याकोब 5:4 मध्ये फार कठोर शब्द आहेत. डॉलर चढला की ‘उगाच विकले’ असे वाटून करार मध्येच मोडण्याचा मोह होतो, आणि मला वाटते द्रव्याचा लोभ बहुतेकांना पहिल्यांदा याच वळणावर गाठतो. अशा वेळी वहीतली नोंद काढून वाचावी.

बिलाचे पैसे जमा झाले की त्यामागचे करार त्याच दिवशी बंद करावेत. दशमांश काढताना करारातला नफा वेगळा धरू नये. बिल आणि करार एकत्र मांडून जे उत्पन्न उरते, त्यावरच तो काढावा.