गुळव्या, शाहीर, निवेदक: पॉडकास्टवर पाहुण्याला बोलतं कसं करावं

पाहुणा ठरला की आधी एकच गोष्ट बघा. या माणसाचं पोट हातावर आहे की आवाजावर? पुढची सगळी तयारी यावरून ठरते. गुऱ्हाळातला गुळव्या, कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत म्हैस पिळून देणारे मामा, हुपरीत चांदीचे दागिने घडवणाऱ्या काकी हे एका बाजूला. शाहीर, गोंधळी, कीर्तनकार, कुस्तीचे निवेदक, डबिंगचे कलाकार दुसऱ्या बाजूला. पहिल्यांना माइकची भीती वाटते. दुसऱ्यांना माइकची इतकी सवय असते की तोंडून पाठ झालेलंच बाहेर पडतं. दोघांना एकाच खुर्चीत बसवून एकच प्रश्नावली पुढे केली, तर दोन्ही भाग फिके होतात.

मी कोल्हापुरात राहते. सांगली आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक होते, स्टुडिओची शिस्त तिथे शिकले. आता स्वतःचा पॉडकास्ट करते. इथे सांगतेय ते त्या कामातून हाताशी आलेलं.

हातावर पोट असलेले पाहुणे

त्यांना स्टुडिओत बोलावू नका, तुम्ही जा. पहिल्या भेटीला रेकॉर्डरसुद्धा नेऊ नका. त्या दिवशी फक्त काम बघायचं, चहा घ्यायचा आणि जागा ऐकायची. पत्रा आहे की कौलं, पंखा कुठला वाजतो, शेजारची पिठाची गिरणी कधी सुरू होते, कामाला उसंत कधी मिळते, हे डोळ्यांनी आणि कानांनी टिपून ठेवा. गुऱ्हाळात ऊस पिळायचा चरक चालू असताना बोलणं ध्वनिमुद्रित होतच नाही. काहील, म्हणजे रस उकळायची मोठी कढई, चुलवाणावरून उतरली, गूळ वाफ्यात पडला, की माणसं जरा टेकतात. ती वेळ आपली. पण चरकाचा, उकळत्या रसाचा, फावड्याचा आवाज वेगळा घेऊन ठेवा. तो नंतर बोलण्याच्या आधी आणि मधे लागतो.

आता प्रश्न. "तुमच्या आजवरच्या प्रवासाबद्दल सांगा" असं विचारलंत की समोरचा माणूस सत्काराच्या भाषणात शिरतो. "तुम्हाला काय वाटतं" असं विचारलंत तर तो तुम्हाला आवडेल ते शोधू लागतो. कामाचं विचारा, तेही बारीक. "पहाटे उठल्यावर पहिला हात कशाला लागतो?" "काहील उतरवायची वेळ झाली हे कशावरून कळतं?" या दुसऱ्या प्रश्नाला एका गुळव्यांनी जे उत्तर दिलं, त्यात सगळं आलं. उकळत्या रसाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी वळून बघायची, बुडबुडे कसे फुटतात ते बघायचं, वास घ्यायचा. तिथून ते आपोआप वडिलांवर आले, मग उसाच्या दरावर, मग मुलगा या धंद्यात का येत नाही यावर. मी मत एकदाही विचारलं नव्हतं. हाताच्या कामावर बोलायला लागलेला माणूस मतांपर्यंत स्वतःच्या वाटेने येतो, आणि तेव्हा ती मतं त्याची असतात.

यात ध्वनीच्या माध्यमाची एक खास अडचण आहे, ती कुठल्याच यंत्राने सुटत नाही. कारागीर हातांनी बोलतात. "एवढी गोळी घ्यायची, अशी वळायची" असं म्हणत बोटं दाखवतात. ऐकणाऱ्याला काहीच दिसत नाही. तिथे लगेच विचारा: "एवढी म्हणजे सुपारीएवढी की लिंबाएवढी? मऊ की कडक?" माणूस क्षणभर थांबतो, हाताकडे बघतो आणि शब्द शोधतो. हे शोधलेले शब्द त्या भागातलं सोनं असतं, कारण ते त्याने आधी कधी कोणाला सांगितलेले नसतात. यजमानाचं निम्मं काम मी यालाच मानते.

भाषेला हात लावू नका. "जरा शुद्ध बोला" हे वाक्य तोंडातून गेलं की माणूस मिटला. "आमी", "न्हाई", "लई" हे त्याच्या बोलण्याचं अंग आहे. एखादा शब्द बाहेरच्या ऐकणाऱ्याला कळणार नाही असं वाटलं तर दुरुस्ती करू नका, त्यावरच पुढचा प्रश्न विचारा.

हेडफोन तुम्ही घाला, त्यांना देऊ नका. स्वतःचाच आवाज कानात ऐकू आला की सवय नसलेला माणूस सावध होतो, आवाज बदलतो, सांभाळून बोलतो. साडी नेसलेल्या पाहुण्यांच्या पदराला कॉलर माइक लावला तर कापडाची सळसळ येते आणि काचेच्या बांगड्याही वाजतात. बांगड्या काढा असं सांगायचं नाही. लहान स्टँडवरचा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूने ठेवा आणि मांडीवर एक उशी द्या. हात उशीवर टेकले की बांगड्या शांत राहतात. माइक बाजूने ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. मराठीत फ, भ, ख, घ यांचा श्वास जोरात येतो. तो थेट माइकवर आदळला तर प्रत्येक "भाऊ" धप्प वाजतो.

घरात रेकॉर्डिंग असलं की बायकांच्या ऐवजी घरातला पुरुष उत्तरं देऊ लागतो, हे जवळजवळ ठरलेलं. भांडू नका. सोबत एकजण न्या आणि त्याच्याकडे एकच काम सोपवा: "दाजी, तुमच्याकडून या गल्लीची जुनी माहिती घ्यायचीय, चला बाहेर बसू." दाजींनाही मान मिळतो आणि आतल्या काकींना बोलायला जागा मिळते. दाजींची माहितीही खरंच घ्या. त्यातून कधी कधी पुढचा पाहुणा सापडतो.

आवाजावर पोट असलेले पाहुणे

इथे सगळं उलटं. शाहिरांना खुर्चीत बसवू नका. पोवाडा उभ्यानेच म्हणायचा असतो, छाती मोकळी लागते, डफ हातात लागतो. आणि झीलकऱ्यांशिवाय, म्हणजे मागून सूर धरणाऱ्या साथीदारांशिवाय, बोलावू नका. मागून "जी जी रं जी" आलं नाही तर शाहिराला श्वास घ्यायला आणि पुढची चढण घ्यायला आधार राहत नाही. झीलकऱ्यांचं मानधन वेगळं धरा, ते शाहिरांच्या मानधनातून भागवू नका.

आवाजाची पातळी ठरवताना "जरा बोलून बघा" म्हणायचं नाही. बोलण्याचा आवाज आणि ललकारीचा आवाज यांत फार मोठं अंतर असतं. "शाहीर, सगळ्यात वरची ललकारी द्या" असं सांगा, आणि ती रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या वर जाणार नाही अशी पातळी लावा. डफ, हलगी, संबळ यांच्या थापेचा टोकाचा आवाज क्षणात येऊन जातो आणि फाटला तर परत दुरुस्त होत नाही. म्हणून दुसरा रेकॉर्डर बराच खालच्या पातळीवर लावून ठेवा. ३२ बिट फ्लोट, म्हणजे अगदी हळू आणि अगदी मोठा आवाज न फाटता नोंदवणारा रेकॉर्डर असेल तर ही चिंता बरीच कमी होते, पण खुद्द माइकला सहन होईल एवढाच आवाज तो घेतो हे लक्षात ठेवा. माइक डोक्याच्या उंचीवर, पाचसहा फुटांवर ठेवा. डफ माइकपासून जरा वळवायला सांगा आणि झीलकऱ्यांना एक पाऊल मागे उभं करा. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, त्यामुळे पावलाने साधतं ते बटणाने साधू नका.

कुस्तीच्या निवेदकांची गोष्ट वेगळी. मी या लोकांवर जीव टाकते. १९१२ साली शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलेलं कोल्हापूरचं खासबाग मैदान भरलेलं असतं, हलगी घुमत असते, आणि हा माणूस तासन्‌तास पैलवानाची तालीम, वस्ताद, गाव, आधीच्या कुस्त्या तोंडपाठ सांगत असतो. घिस्सा, ढाक, एकलंगी असा प्रत्येक डाव लागायच्या आत ओळखतो. अशा माणसाला शांत खोलीत बसवलं की तो ओरडतो. त्याच्या कानाला कर्ण्यातून परत येणाऱ्या आवाजाची सवय आहे, तोच त्याला सांगतो की आवाज पोहोचला. म्हणून त्यांना मात्र हेडफोन द्या आणि त्यांचा आवाज त्यांच्याच कानात जरा मोठा सोडा. काही मिनिटांत ते आपोआप खाली येतात. मग निवेदन करायला लावू नका. विचारा: "निकाल वादात सापडला आणि मैदान खवळलं, तर तुम्ही पहिलं वाक्य काय बोलता?" त्या उत्तरात त्यांची खरी विद्या दिसते. लोकांचा राग आवाजाने कसा खाली उतरवायचा, कुठलं नाव घ्यायचं, कुठलं टाळायचं, हे त्यांना कुठल्याही संस्थेने शिकवलेलं नाही.

डबिंगचे आणि जाहिरातींचे कलाकार येतात तेव्हा त्यांचा घोटलेला आवाज आधी येतो, माणूस मागे राहतो. शाहिरांकडून मी आधी सादरीकरण घेते आणि दम लागलेला असतानाच बोलायला बसवते, कारण तेव्हा ते मोकळे असतात. डबिंगवाल्यांचं मी नेमकं उलटं करते. नमुने शेवटी. सुरुवात आजोळच्या गावापासून, तिथल्या बोलीपासून. आजीशी बोलायचा तो आवाज एकदा लागला की मग कामाकडे वळा. आता बहुतेक कलाकार बूथमध्ये एकेकटे येऊन आपापली वाक्यं देऊन जातात. समोरचं पात्र नसताना भांडायचं कसं, पळताना लागलेली धाप उभ्या जागी आणायची कशी, पडद्यावरच्या ओठांत मराठी वाक्य बसवताना कुठला शब्द मोडायचा, हे विचारा. त्यांनाही असं विचारणारं कोणी भेटलेलं नसतं.

गोंधळी, वाघ्या-मुरळी, वासुदेव यांच्याकडे जाताना आधी विचारा: "यातलं काय रेकॉर्ड करायचं नाही?" दिवटी, म्हणजे विधीतली मशाल, पेटल्याशिवाय म्हणायचं नाही असं काही असू शकतं. ते मागू नका आणि चोरून तर मुळीच घेऊ नका. दिवसा चहाच्या वेळी "थोडंसं म्हणून दाखवा" हा आग्रह मला अतिशय टोचतो.

परवानगी आणि मानधन

हे शेवटी उरकायचं काम नाही. रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी साध्या शब्दांत सांगा: हे इंटरनेटवर जाणार, कुठल्याही गावातला, देशातला माणूस ऐकू शकणार, तुमचं नाव आणि गाव येणार, हवं तर नाव गाळू. मग हेच रेकॉर्डरवर एकदा म्हणवून घ्या. संपल्यावर पुन्हा विचारा, कारण काय बोललो हे माणसाला तेव्हाच कळलेलं असतं. आजार, भाऊबंदकी, कर्ज यांवरचं बोलणं प्रसिद्ध करण्याआधी त्यांना ऐकवा आणि काढा म्हणाले तर काढा.

लोककलावंतांना कायद्याने काय मिळतं हे आपल्याला माहीत हवं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या सादरकर्त्याच्या व्याख्येत नट, गायक, वादक, नर्तक यांच्यासोबत कसरतपटू, जादूगार, गारुडी आणि व्याख्यान देणारी व्यक्तीही आहे. सादरीकरणावरचा त्यांचा हक्क ५० वर्षं राहतो. "हे तर लोकांचंच गाणं" म्हणून कोणी सादर करणाऱ्याचा हक्क उडवू शकत नाही. आता एआयने आवाजाची नक्कल करता येते, म्हणून संमतीत एक वाक्य वाढवा: हा आवाज फक्त या भागासाठी, त्याची कृत्रिम नक्कल करायला दिलेला नाही. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाच्या अशा नकलेला अंतरिम मनाई केली. गावच्या गोंधळ्याचा आवाजही त्याच्या मालकीचा आहे, आणि त्याच्यासाठी कोर्टात जायला सहसा कोणी नसतं.

मानधन रेकॉर्डिंगच्या आधी, पाकिटात द्या. "तुमची प्रसिद्धी होईल" हे मानधन नव्हे. कारागिराचाही कामाचा वेळ जातो, त्याचा त्या वेळचा रोज भरून द्या.

नावं पूर्ण लिहा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्या म्हणणाऱ्या बायांची नावं व गावं ओव्यांबरोबर नोंदवली. "एक ग्रामीण महिला" असं भागवलं नाही. तुमच्या भागाच्या माहितीतही झीलकऱ्यांपर्यंत प्रत्येकाचं नाव त्यांना हवं तसं लिहा, उच्चारही त्यांनाच विचारा.

घरी आल्यावर

मूळ वेव्ह फाइल त्याच रात्री दोन ठिकाणी ठेवा. जागेवरून निघताना मिनिटभर कोणी न बोलता तिथली शांतता घ्यायची असते, ती संपादनात सांधे लपवायला लागते. गोंगाट काढणारं सॉफ्टवेअर हलक्या हाताने वापरा, नाहीतर आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. अंतिम पातळी उणे १६ एलयूएफएसच्या (कानाला सरासरी किती मोठं वाटतं ते मोजायचं माप) आसपास, टोक उणे १ डेसिबलच्या खाली. थांबे कापू नका. गुळव्या विचार करायला थांबतो तेव्हा तो विचारच करत असतो, आणि ऐकणाऱ्याला ते ऐकू यायला हवं.

भाग प्रसिद्ध झाला की दुवा पाठवून मोकळे होऊ नका. पुष्कळ पाहुण्यांकडे ते ॲप नसतं. एमपी३ फाइल व्हॉट्सॲपवर घरातल्या लेकीला किंवा नातवाला पाठवा, किंवा पेनड्राइव्ह नेऊन द्या. निवेदकांना आणि शाहिरांना त्यांच्या सादरीकरणाची कच्ची, न कापलेली फाइलही द्या. पुढची सुपारी घेताना नमुना म्हणून ती त्यांना उपयोगी पडते.