पेनांगचा असाम लाक्सा खाताय? या चुका टाळा

पहिली चूक वाडगा समोर येण्याआधीच होते. सिंगापूरला नारळाच्या दुधातला, वर केशरी तवंग असलेला लाक्सा, म्हणजे रश्शातल्या शेवया, खाल्लेला असतो, आणि मलेशियातल्या पेनांगच्या टपरीवर तोच येणार म्हणून आपण बसतो. इथे नुसतं ‘लाक्सा’ म्हटलं की बहुधा असाम लाक्सा पुढ्यात येतो. त्यात नारळ नाही. मातकट रंगाचा, आंबट-तिखट माशाचा रस्सा आणि त्यात तांदळाच्या जाड, निसरड्या शेवया. नारळाचाच हवा असेल तर ‘लाक्सा लेमाक’ मागा, काही ठिकाणी दोन्ही असतात.

मासा कोणता? इथले लोक त्याला इकान केम्बुंग म्हणतात, तो आपला बांगडाच. आंबटपणा चिंचेचा आणि ‘असाम केपिंग’चा. या वाळवलेल्या चकत्या ज्या फळाच्या, ते कोकमाच्याच कुळातलं. बांगड्याचं तिखलं खाऊन वाढलेल्याला खरं तर माहेरी आल्यासारखं वाटायला हवं. तरी पहिल्या घासाला नाक मुरडलं जातं ते वासामुळे, आणि त्यात मोठा वाटा असतो सोबत येणाऱ्या चमच्यातल्या काळ्या, काकवीसारख्या ऐवजाचा.

त्याचं नाव हे-को. कोळंबीपासून केलेला गोडसर, खारट, दाट लगदा. मी पहिल्या खेपेला अख्खा चमचा रश्शात बुडवून ढवळला. रस्सा काळपट झाला, बांगडा कुठल्या कुठे गेला आणि घशाशी नुसतं मीठ उरलं. आधी नुसता रस्सा चाखा, मग चमच्याच्या टोकाने थोडं थोडं कालवत जा. अजिबात घातलंच नाही तर मात्र आंबटपणा एकटा पडतो. जास्त झालंच तर ‘अंकल, ताम्बा कुआह’ म्हणून थोडा रस्सा वाढून मागा. मला तरी कुणी नाही म्हटलेलं नाही. वर पेरलेली काकडी, अननस, पुदिना आणि गुलाबी फुलाचे बारीक काप सजावट म्हणून कडेला सारू नका, प्रत्येक घासात थोडे येऊ द्या. ते फूल आल्याच्या कुळातलं आहे आणि अर्धा सुगंध त्याचाच.

ठसका लागतो तो शेवया सुर्रकन ओढल्यामुळे. उजव्या हातात काड्या, डाव्या हातात चमचा. दोन-तीन शेवया उचलायच्या, चमच्यात टेकवायच्या, मग तोंडात. पांढरा शर्ट घालून गेलात तर देव तुमचं भलं करो.

तिखट लागलं की आपण पाण्याचा ग्लास रिकामा करतो. मिरचीतलं तिखट पाण्यात विरघळत नाही, ते तोंडभर पसरतं एवढंच. आटवलेल्या दुधाचा चहा, ‘तेह तारिक’, मागवा, नाहीतर नारळाचं दूध, ताडगूळ आणि बर्फाचा चेंडोल. आधीच ‘कुरांग पेडास’, म्हणजे कमी तिखट, सांगता येतं. पण रस्सा सकाळीच शिजलेला असल्याने फार तर वरची मिरची कमी होते.

पेयवाला बहुतेक ठिकाणी वेगळा असतो, त्याचे पैसेही वेगळे. लाक्सावाल्याकडे चहा मागून ताटकळू नका.

शाकाहारी मंडळींनी ‘मासे काढून द्या’ म्हणण्यात अर्थ नाही. बांगडा उकडून, कुस्करून रश्शातच मिसळलेला असतो, आणि वाटणात बेलाचान, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा लगदा, असतो. कोळंबीची ॲलर्जी असेल तर हे-को नको म्हणूनही भागत नाही, तो वाडगाच नको. चिनी बौद्ध शाकाहारी खानावळी शोधा, तिथे बिनमाशाचा लाक्सा कधीकधी मिळतो.

पार्सलला इथे ‘तापाव’ म्हणतात. रस्सा आणि शेवया वेगवेगळ्या बांधून घ्या, नाहीतर हॉटेलवर पोचेपर्यंत शेवया फुगून सगळा रस्सा पितात.

आणि वाडगा अर्धा झाला की एकदा तळापासून ढवळा. बांगड्याचा चुरा खाली बसलेला असतो. चावताना जपून, एखादा काटा चुकून राहतो.