इंग्लंडमध्ये घर घेताना सॉलिसिटर निवडताय? या चुका टाळा

आमचं पहिलं घर ठरलं तेव्हा आनंदाच्या भरात आम्ही इस्टेट एजंटने सुचवलेल्या सॉलिसिटरलाच, म्हणजे घरखरेदीचं कायदेशीर काम बघणाऱ्या वकिलालाच, होकार देऊन टाकला. ओळखपत्रं पाठवली, सुरुवातीचे पैसे भरले आणि पडद्यांचे रंग ठरवायला घेतले. नवव्या आठवड्यात ईमेल आला: तुमच्या सासऱ्यांनी भारतातून पाठवलेली रक्कम त्यांच्याकडे कुठून आली ते दाखवा. सासऱ्यांनी सांगलीजवळचा एक प्लॉट विकून ते पैसे दिले होते. खरेदीखत मराठीत, पैसे आधी जमा झाले ते गावच्या पतसंस्थेत, पासबुकातल्या नोंदी हाताने लिहिलेल्या. त्या ऑफिसात हे कागद कोणाला वाचता येईनात आणि फोनवर दर वेळी नवाच माणूस. भाषांतर करून घेऊन, पतसंस्थेचं पत्र मागवून सगळं पुरं करेपर्यंत पाच आठवडे गेले. तेवढ्यात विकणाऱ्यांनी घर दुसऱ्याला दिलं. एक्स्चेंज, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सह्या झालेल्या करारांची देवाणघेवाण, होईपर्यंत इंग्लंडमध्ये कोणीच कोणाला बांधील नसतं, हे आम्हाला असं कळलं.

पुढे एक घर घेतलं, ते विकून दुसरं घेतलं, आणि ओळखीतल्या बऱ्याच मराठी कुटुंबांच्या फाइलींत डोकं घातलं. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात, म्हणून हे लिहिते आहे. हे इंग्लंडबद्दल आहे. वेल्समध्ये पद्धत जवळपास हीच, पण कर वेगळा. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये कायदाच निराळा, तिथे घर घेणार असाल तर तिथलाच सॉलिसिटर लागतो.

आपल्याकडे वकिलाकडून शोध अहवाल घेतो, मग दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात स्वतः जाऊन फोटो आणि अंगठा देतो. इथे तुम्हाला कुठेही जावं लागत नाही. मालकी तपासणं, सर्च (म्हणजे कौन्सिल वगैरेंकडून त्या घराबद्दलची अधिकृत माहिती) मागवणं, विकणाऱ्याच्या सॉलिसिटरला प्रश्न विचारणं, बँकेचे पैसे उचलणं, कर भरणं, लँड रजिस्ट्रीत, म्हणजे मालकीच्या सरकारी नोंदवहीत, नाव लावणं हे सगळं एक माणूस तुमच्यासाठी करतो आणि अनेकदा तुम्ही त्याला कधी भेटतही नाही. त्यामुळे तो माणूस कोण, हा प्रश्न घराच्या किमतीइतकाच मोठा आहे.

एजंटने दिलेलं नाव डोळे मिटून घेणं

एजंटने सुचवलेला सॉलिसिटर वाईटच असतो असं नाही. पण बऱ्याच एजंटांना अशा शिफारशीमागे पैसे मिळतात आणि ते त्यांनी तुम्हाला सांगायला हवेत. न सांगितल्यास विचारा: "तुम्हाला यातून किती मिळतं?" शिवाय एजंट विकणाऱ्याचा असतो, हे आपल्या मंडळींच्या लक्षात राहत नाही, कारण घर दाखवताना तो आपल्याशीच गोड बोलत असतो. "आमचाच सॉलिसिटर घेतलात तर ऑफर लवकर मान्य होईल" असं कोणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा. तशी सक्ती कोणी करू शकत नाही. नव्या बांधकामात बिल्डरही आपलं नाव पुढे करतो, आणि एक्स्चेंजसाठी बहुतेक वेळा २८ दिवसांची मुदत घालून घाईत टाकतो. तिथे तर स्वतंत्र माणूस हवाच.

"जवळचा" म्हणजे चालत जाण्याइतका जवळचा असं समजणं

कागद आता ऑनलाइन फिरतात, कौन्सिलचा सर्च कुठूनही मागवता येतो. तरीही स्थानिक माणसाला किंमत आहे, पण ती तुमच्या राहत्या घराजवळ असण्याला नाही. तुम्ही घेताय त्या घराच्या भागाची माहिती असण्याला आहे. चेशरमध्ये जमिनीखालचं मीठ उपसल्यामुळे जमीन खचते, कॉर्नवॉलमध्ये कथिलाच्या जुन्या खाणी आहेत, डरहॅम आणि यॉर्कशरच्या बऱ्याच भागांत कोळशाच्या. तिथल्या सॉलिसिटरला कोणता जादा सर्च मागवायचा हे कोणी सांगावं लागत नाही. स्लाऊमध्ये राहून चेशरमध्ये घर घेत असाल तर स्लाऊचा सॉलिसिटर "स्थानिक" ठरत नाही.

आणखी एक गोष्ट. नेहमीच्या कौन्सिल सर्चमध्ये माहिती येते ती तुमच्या घराची. समोरच्या मोकळ्या जागेवर पाच मजली इमारतीचा अर्ज पडलाय का, हे त्यात येईलच असं नाही. कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो अर्ध्या तासात स्वतः शोधता येतो.

फीचा पहिला आकडा बघून ठरवणं

सॉलिसिटरच्या नियामक संस्थेने, म्हणजे एसआरएने, २०१८च्या डिसेंबरपासून घरखरेदीच्या कामाचे दर फर्मच्या संकेतस्थळावर देणं बंधनकारक केलं आहे. पण जाहिरातीतला आकडा ही मूळ फी असते. मग एकेक ओळ वाढत जाते: मॉर्गेज (गृहकर्ज) असेल तर जादा, लीजहोल्ड (ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळणारी मालकी) असेल तर जादा, स्टॅम्प ड्यूटीचा फॉर्म भरायचे वेगळे, बँक ट्रान्सफरचे वेगळे, आणि कित्येक ठिकाणी आईवडिलांनी पैसे दिले असतील तर त्या "गिफ्टेड डिपॉझिट"चेही वेगळे. सर्च आणि लँड रजिस्ट्रीची फी निराळीच. म्हणून विचारायचं ते असं: "माझ्या घरासाठी, माझ्या परिस्थितीत, शेवटी किती?" आणि उत्तर लेखी घ्यायचं. "व्यवहार फिसकटला तर फी नाही" या वाक्यात सर्चचे खर्च झालेले पैसे सहसा धरलेले नसतात.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न: माझी फाइल नेमकी कोण हाताळणार? त्यांचं नाव काय, थेट नंबर काय, एका वेळी किती फाइली त्यांच्याकडे आहेत, आणि ते सुट्टीवर गेले तर कोण? उत्तर द्यायला कोणी कचरत असेल तर मी तिथे थांबत नाही.

सॉलिसिटरऐवजी लायसन्स्ड कन्व्हेयन्सरही चालतो. त्यांची नियामक संस्था वेगळी, काम हेच. दोन्हींची नावं त्या त्या संस्थेच्या यादीत तपासता येतात, आणि तपासाच, कारण खऱ्या फर्मचं नाव घेऊन बसलेले भामटे असतात. मॉर्गेज घेणार असाल तर तुमच्या बँकेच्या पॅनेलवर, म्हणजे बँकेला चालणाऱ्या फर्मच्या यादीत, ही फर्म आहे का हेही आधीच विचारा. नसेल तर बँकेसाठी दुसरा सॉलिसिटर आणि त्याची दुसरी फी.

भारतातून येणाऱ्या पैशांबद्दल उशिरा बोलणं

काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्यामुळे पैसे कुठून आले हे तपासणं सॉलिसिटरला बंधनकारक आहे. विचारलं की आपल्याला अपमान वाटतो, "वडिलांचे पैसे आहेत, त्यात काय विचारायचं?" पण ते प्रत्येकाला विचारतात. पैसे देणाऱ्यांचं ओळखपत्र, बँकेची स्टेटमेंट, आणि ही रक्कम भेट आहे, परत करायची नाही, घरात हक्क मागणार नाही, असं सही केलेलं पत्र लागतं. उसने घेतले असतील तर खोटं गिफ्ट लेटर करू नका. सॉलिसिटर तुमचं आणि तुमच्या बँकेचं, दोघांचं काम करत असतो, आणि कर्जाची गोष्ट बँकेपासून लपवणं ही फसवणूक ठरते.

पहिल्याच फोनवर विचारा: भारतातून आलेल्या पैशांच्या फाइली तुम्ही हाताळल्या आहेत का? मराठीतलं खरेदीखत असेल तर कसलं भाषांतर चालेल? अनुभवी माणूस लगेच यादी पाठवतो. भारतात राहणाऱ्या व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, आणि आईची मर्यादा वेगळी, वडिलांची वेगळी. पैसे पाठवण्याआधी कागद जमवा. सोनं विकलं असेल तर सराफाची पावती, मुदत ठेव मोडली असेल तर तिची नोंद, शेत किंवा प्लॉट विकला असेल तर खरेदीखत आणि त्याच रकमेची बँकेतली नोंद. चुलत्याच्या खात्यातून मामाच्या खात्यात आणि तिथून तुमच्याकडे, असा प्रवास झाला की प्रत्येक टप्प्याचा कागद द्यावा लागतो.

आईवडील तुमच्याबरोबर राहणार असतील तर तेही सांगा. घरात राहणाऱ्या प्रौढ माणसांकडून बँक एका कागदावर सही घेते, की कर्ज थकलं तर आमचा हक्क बँकेच्या हक्कानंतर. ज्यांनी पैसेही दिलेत आणि जे तिथे राहणारही आहेत, त्यांनी त्या कागदावर सही करण्याआधी स्वतःचा वेगळा वकील बघावा. माझ्या मते यात दोन-तीनशे पौंड वाचवू नयेत.

पुण्यातला फ्लॅट "सांगायची काय गरज" म्हणून न सांगणं

ही सगळ्यात महाग चूक आहे. "पहिलं घर" म्हणजे आपण समजतो इंग्लंडमधलं पहिलं. करखात्याच्या हिशेबात जगात कुठेही घर असलं तर ते मोजलं जातं. पुण्यात, नाशिकला, मडगावला कुठेही. गावच्या घरात वारसाने हिस्सा आला असेल तरी "पहिल्यांदा घर घेणारे" ही सवलत जाऊ शकते.

एप्रिल २०२५पासूनच्या दरांनी ४,००,००० पौंडांच्या घराचा हिशेब बघा. नवराबायको दोघांनी कधीच कुठेही घर घेतलं नसेल तर स्टॅम्प ड्यूटी ५,००० पौंड. सवलत नसेल तर १०,०००. आणि घेताना भारतातला फ्लॅट नावावर असेल, तर दुसऱ्या घरावरचा ५ टक्के अधिभार लागून ३०,००० पौंड. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर आणि इथलं घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं तरी पतीपत्नी म्हणून अधिभार लागतो. ४०,००० पौंडांपेक्षा कमी किमतीची मालमत्ता अधिभारासाठी मोजत नाहीत, आणि गेल्या तीन वर्षांत वारसाने आलेल्या अर्ध्या किंवा त्याहून कमी हिश्श्यालाही सूट आहे. त्याखेरीज, खरेदीच्या आधीच्या वर्षभरात तुम्ही इथे १८३ दिवसही राहिलेले नसाल तर अनिवासी म्हणून आणखी २ टक्के. नुकतेच नोकरीसाठी आलेल्यांना हे माहीतच नसतं.

सॉलिसिटर फॉर्म भरतो तुम्ही सांगितलेल्या उत्तरांवर. बऱ्याच फर्मच्या पहिल्या पत्रात "आम्ही कराचा सल्ला देत नाही" असं वाक्य असतं, ते शोधून वाचा. एकत्र कुटुंबाची मालमत्ता, सातबाऱ्यावर भावंडांसह नाव, आईवडिलांनी तुमच्या नावावर घेतलेला फ्लॅट, असं काही असेल तर ऑफर देण्याआधी कर सल्लागाराला विचारा. चूक झाली तर करखातं पैसे मागतं ते तुमच्याकडे.

लीजहोल्ड फ्लॅट कोणाकडेही सोपवणं

फ्लॅट घेताय तर बहुधा लीजहोल्ड असेल. किती वर्षं उरलीत, ग्राउंड रेंट (जमिनीच्या मालकाला द्यायचं भाडं) किती आणि कसं वाढतं, सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा खर्च) गेल्या तीन वर्षांत किती होता, इमारतीच्या बाहेरच्या आवरणाचं काम निघालंय का, हे सगळं वाचायला अनुभवी नजर लागते. ८० वर्षांच्या आसपास आलेल्या लीजबद्दल तर खास सल्ला घ्याच. उंच इमारतींचं काम काही फर्म घेतच नाहीत, तेव्हा आधीच विचारा, नाहीतर चौथ्या आठवड्यात फाइल परत येते.

विकताना गिऱ्हाईक मिळेपर्यंत थांबणं

घर बाजारात लावतानाच सॉलिसिटर नेमा. माहितीचे लांबलचक फॉर्म भरायचे असतात, आणि लीजहोल्ड असेल तर मॅनेजमेंट कंपनीकडून कागद यायला आठवडे जातात. शेजाऱ्याशी कुंपणावरून झालेला वाद, परवानगीशिवाय पाडलेली भिंत, सगळं खरं लिहा. खोटं निघालं तर घर विकल्यानंतरही भरपाईचा दावा होऊ शकतो.

बँक खातं बदलल्याचा ईमेल खरा मानणं

डिपॉझिट पाठवायच्या दिवशी, बहुधा शुक्रवारी, ईमेल येतो: "आमचं खातं ऑडिटमध्ये आहे, या नव्या खात्यात पाठवा." हुबेहूब सॉलिसिटरचाच वाटतो. पैसे गेले की परत मिळणं फार कठीण. खात्याचा नंबर सुरुवातीलाच लेखी घ्या, पाठवण्याआधी पहिल्या पत्रावरच्या फोन नंबरवर बोलून खात्री करा, आणि आधी थोडी रक्कम पाठवून मिळाली का ते विचारा. भारतातल्या आईवडिलांनाही बजावून ठेवा, कारण असा ईमेल तेही पटकन खरा मानतात.

फाइल अडकलीच तर

रोज फोन करून उपयोग नाही. दर आठवड्याला एक छोटा ईमेल: कोणत्या एन्क्वायरी (समोरच्या सॉलिसिटरला विचारलेले प्रश्न) बाकी आहेत, कोणाकडे, तुम्ही शेवटचं कधी विचारलंत? कित्येकदा अडकलेलं असतं समोरच्या सॉलिसिटरकडे, तेव्हा एजंटला त्या बाजूला तगादा लावायला सांगा. सॉलिसिटर मध्येच बदलता येतो, पण झालेल्या कामाचे पैसे द्यावे लागतात आणि बँकेला कळवावं लागतं. तक्रार असेल तर आधी फर्मकडे लेखी. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर लीगल ओम्बड्समनकडे, म्हणजे वकिलांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जाता येतं, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

किल्ल्या मिळाल्या की बहुतेक जण फाइल विसरतात. नोंदणी झाल्यावर सॉलिसिटरकडून लँड रजिस्ट्रीच्या नोंदीची प्रत मागा आणि नाव अक्षर न अक्षर तपासा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं, लग्नानंतर आडनाव बदलतं, पासपोर्टवर एक आणि बँकेत दुसरं असतं, त्यामुळे रजिस्टरवर काहीतरी तिसरंच चढू शकतं. पत्रव्यवहारासाठी तीन पत्ते देता येतात, त्यात एक भारतातला आणि एक ईमेल चालतो. पुढे घर भाड्याने देऊन परत जायचा विचार असेल तर हे आत्ताच करा, आणि लँड रजिस्ट्रीच्या मोफत प्रॉपर्टी अलर्टमध्ये आपलं घर नोंदवून ठेवा. तुमच्या नोंदीला कोणी हात लावायला गेलं की ईमेल येतो.