कक्षेतला लेसर उंचीमापक वर्षानुवर्षं खरं सांगतोय का, हे कसं तपासावं

अंटार्क्टिकाचा बर्फ खाली गेला, असं उपग्रह सांगतो. पण बर्फच खचला, की वर फिरणारं यंत्र हळूहळू चुकायला लागलं? अंटार्क्टिकाचं क्षेत्रफळ सुमारे १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर. तेवढ्या पसाऱ्यावर एक सेंटिमीटर चुकला, तर १४० घन किलोमीटर बर्फाचा हिशेब चुकतो. म्हणून ही तपासणी मनापासून करावी लागते. उदाहरणाला नासाचा आइससॅट-२ घेऊ. सप्टेंबर २०१८ मध्ये सोडलेला हा उपग्रह सुमारे ५०० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला हिरव्या लेसर प्रकाशाचे १०,००० स्पंद (क्षणिक झोत) खाली सोडतो.

सुरुवात लेसरच्या तब्येतीपासून करा. स्पंदाची ऊर्जा आणि परत आलेल्या फोटॉनची (प्रकाशकणांची) संख्या तारखेनुसार मांडा. आधीच्या आइससॅटचा पहिला लेसर २००३ मध्ये पाच-सहा आठवड्यांतच बंद पडला. मग उरलेले दोन लेसर वर्षातून दोन-तीनदा, महिनाभरच चालवून २००९ पर्यंत पुरवले. अशा तुटक नोंदी तपासताना एकाच ऋतूतल्या मोहिमा एकमेकींशी ताडून पाहा. नाहीतर नव्या हिमाचा थर यंत्राच्या खात्यावर जमा होतो.

मग घड्याळ, कारण प्रकाश खाली जाऊन परतायला किती वेळ लागला, यावरूनच उंची काढतात. प्रकाशाला एक सेंटिमीटर जाऊन परतायला ६७ पिकोसेकंद लागतात (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग). आइससॅट-२ मध्ये लेसरचा अगदी छोटा अंश फायबरमधून थेट संवेदकाकडे वळवला आहे. ते अंतर ठाऊक असल्यामुळे वेळ सरकली की तिथंच कळते.

यानंतर नेम. कोनात एका अंशाचा ३,६०० वा भाग चुकला, की जमिनीवरचा ठिपका अडीच मीटरच्या आसपास सरकतो. जेमतेम एक अंश उतारावर उंचीत चार सेंटिमीटरची चूक येते. नेम तपासायला उपग्रह समुद्रावर मुद्दाम कलवतात. समुद्राची पातळी बरीच नेमकी माहीत असते, त्यामुळे कललेल्या शलाकेनं (लेसरच्या किरणानं) दिलेल्या अंतरातून नेमातली चूक काढता येते.

माझ्या मते सगळ्यात भरवशाची पायरी म्हणजे जमिनीवर जाऊन मोजणं. कक्षेच्या कलामुळे या उपग्रहाचे सगळे मार्ग दक्षिण ध्रुवाजवळ ८८ अंशांवर दाटीनं एकत्र येतात. तिथला बर्फ सपाट, हिमवर्षाव अगदी कमी. संशोधक बर्फावर चालणाऱ्या पट्टेदार गाड्यांमागे घसरगाड्या जोडून, वर जीपीएस अँटेना लावून, त्या अक्षांशावर सुमारे ३०० किलोमीटर मोजत गेले आणि तीच वाट पुन्हा पुन्हा मोजली. मोजताना अँटेनाची बर्फापासूनची उंची नोंदवायलाच हवी. घसरगाडी भुसभुशीत हिमात दोन सेंटिमीटर रुतली आणि ते लिहिलं नाही, तर ती चूक तुम्ही उपग्रहाच्या माथी माराल.

प्रत्येक फेरीसाठी उपग्रहाच्या उंचीतून जीपीएसची उंची वजा करा. फरकाची सरासरी एकीकडे आणि विखुरलेपणा दुसरीकडे ठेवा. लेसर थकला तर आधी विखुरलेपणा वाढतो. घड्याळ सरकलं तर सरासरी हलते. सहा वर्षांवर एकच सरळ रेषा ओढू नका. यंत्राच्या मांडणीत बदल झालेल्या तारखा आलेखावर आधी टाका आणि प्रत्येक तुकडा वेगळा पाहा. उपग्रहाच्या सहाही शलाका स्वतंत्र ठेवा, कारण त्यांतल्या तीन सशक्त आणि तीन क्षीण आहेत. एकच शलाका खाली घसरत असेल आणि बाकी पाच जागच्या जागी असतील, तर बर्फ हललेला नाही. त्या शलाकेच्या नेमाच्या आणि वेळेच्या नोंदी पुन्हा उघडा.