बॅकड्रॉप घरी बनवायचाय? रंगाचा डबा शेवटी उघडा

बॅकड्रॉप, म्हणजे फोटो काढताना माणसाच्या मागे लावायचं कापड, म्हटलं की सगळे आधी रंग घेऊन येतात आणि मग कापड शोधतात. खरं तर यादी उलटी पाहिजे.

सगळ्यात आधी माप. नुसते चेहरा-खांदे काढणार असाल तर ५ बाय ७ फूट पुरतं. माणूस पायापर्यंत दाखवायचा तर मात्र रुंदी ९-१० फूट आणि लांबी १८-२० फूट धरा, कारण कापड वरून खाली येऊन तसंच पुढे जमिनीवर पसरायचं असतं, आणि माणसाला मागच्या कापडापासून पाच-सहा फूट पुढे उभं करायचं असतं, नाहीतर त्याची सावली मागे पडते आणि कापडाच्या सुरकुत्यासुद्धा फोकसमध्ये येतात. स्टँडची उंची आणि वरच्या दांडीची लांबी आत्ताच मोजून ठेवा. स्टँडच्या पायावर ठेवायला वाळूच्या पिशव्या पण लागतील, मोठं कापड चांगलंच जड होतं.

कापड सुतीच घ्या, मांजरपाट किंवा कॅनव्हास. पॉलिस्टर चुरगळत नाही म्हणून मोह होतो, पण सुतीचा डाय (धाग्यात मुरणारा रंग) त्याला धरत नाही आणि बरंचसं फ्लॅशमध्ये चकाकतं. पन्हा (कापडाची रुंदी) मिळेल तेवढा मोठा बघा. जोड द्यावाच लागला तर दोन पन्हे शेजारी शेजारी जोडू नका, शिवण बरोबर मधोमध येते आणि प्रत्येक फोटोत माणसाच्या डोक्यातून रेघ निघालेली दिसते. एक पन्हा अख्खा मधे ठेवा, दुसरा उभा चिरून अर्धा अर्धा दोन्ही बाजूंना लावा.

शिवायच्या आधी धुणं. कोऱ्या कापडाला खळ असते आणि ते आटतंही, ५ टक्के आटलं तरी २० फुटांत एक फूट गेला, म्हणून लांबी जास्तीचीच आणा. गरम पाण्यात साबण टाकून धुवा, वाळल्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. मण्यासारखा वरच बसून राहिला तर खळ अजून आहे, परत धुवा. लगेच मुरला तर झालं. मग वरच्या बाजूला नेफा शिवा, दांडी सहज सरकेल इतका सैल, खाली पण एक शिवला तर त्यात पाईप घालून कापड ताणता येतं. हे सगळं रंगाआधीच, नंतर कडक झालेल्या कापडावर शिवायला नको वाटतं.

आता डाय की पेंट ते ठरवा. डायने कापड मऊ राहतं, पिशवीत कोंबून नेता येतं. त्यासाठी सुतीला चालणारा रिॲक्टिव्ह डाय (धाग्याशी पक्का जोडला जाणारा), सोडा ॲश (धुण्याचा सोडा), मीठ, मोठा टब, हातमोजे आणि मास्क (पावडर श्वासात जाणं चांगलं नाही, यात आळस नको). पेंट करणार असाल तर पाण्यात मिसळणारं मॅट इमल्शन (भिंतीचा बिनचकाकीचा रंग), चकाकी असलेलं अजिबात नको. शिवाय जाड पुठ्ठ्याची नळी, कारण पेंट केलेलं कापड घडी घालून ठेवलं की घडीवर रंगाला तडे जातात. गुंडाळताना रंगाची बाजू बाहेर.

जमिनीवर प्लास्टिक अंथरा, कापड ताणून कडा टेपने चिकटवा. रोलर, स्पंज, जुन्या टीशर्टच्या चिंध्या, पाण्याचा स्प्रे, सगळं हाताशी, कारण रंगाचे जे फिके-गडद डाग उमटवाल त्यांच्या कडा रंग ओला असतानाच पुसट करता येतात.

आणि आता रंग. पहिला बॅकड्रॉप मध्यम करडाच करा, बेस (सगळीकडे लावायचा मूळ रंग) एक, त्याहून जरा फिका एक, जरा गडद एक, बस. लाईट कापडापासून दुप्पट लांब नेला की त्यावरचा उजेड साधारण चौथाई होतो, म्हणजे हाच करडा जवळजवळ काळा दिसू शकतो आणि जास्त लाईट मारला की पांढरट, एका कापडात तीन कापडं. कापून उरलेल्या तुकड्यावर आधी ट्रायल घ्या आणि पूर्ण वाळू द्या, इमल्शन वाळल्यावर बहुधा गडद होतं आणि डायचं कापड उलट फिकं पडतं. त्या तुकड्याचा मोबाइलने फ्लॅश मारून एक फोटो काढा, चमक दिसली तर पेंट बदला.