नियम बदलला, तक्ता तोच राहिला: मांस आणि कोंबडी प्रक्रिया करणाऱ्या छोट्या युनिटांनी या चुका टाळा

चिलरच्या दारावर तापमानाचा तक्ता लावलेला होता. महिन्याचे एकतीस दिवस, दिवसातून दोनदा, एकूण बासष्ट नोंदी आणि सगळ्या ३.८. एकच पेन, एकच हात. मी मालकांना विचारलं, "मध्ये कॉम्प्रेसर बिघडला होता म्हणालात ना?" ते म्हणाले, "हो, अकरा आणि बारा तारखेला. माल हलवावा लागला होता." तक्त्यात अकरा तारखेला ३.८, बारा तारखेलाही ३.८. ऑफिसातली फाईल मात्र बघण्यासारखी होती. नवा नियम छापून, पिवळ्या मार्करने रंगवून, प्लास्टिकच्या कव्हरात नीट घातलेला.

छोट्या युनिटात नियम कुणाला माहीतच नसतो, असं फारसं होत नाही. तो फाईलपर्यंत येतो आणि तिथेच मुक्काम ठोकतो. मसाल्याचा वजनकाटा, भट्टीची सेटिंग, स्लायसर धुणाऱ्याच्या हातातला ब्रश इथपर्यंत त्याची पावलं पोचत नाहीत. खालच्या बहुतेक चुका याच गळतीच्या आहेत.

मसुद्यालाच नियम समजणं

अमेरिकेत ऑगस्ट २०२४ मध्ये अन्नसुरक्षा आणि तपासणी सेवेने, म्हणजे एफएसआयएसने, कच्च्या कोंबडीतल्या साल्मोनेला या जिवाणूसाठी नवी चौकट प्रस्तावित केली. जिवाणूंची पातळी आणि ठरावीक प्रकार यांवरून माल विक्रीयोग्य आहे की नाही ते ठरणार होतं. एप्रिल २०२५ मध्ये हा प्रस्ताव मागे घेतला गेला. प्रस्तावाची बातमी वाचून ज्यांनी तोच कायदा मानला आणि योजना फिरवली, त्यांची मेहनत अधांतरी राहिली. याउलट काही जण "सगळंच पुढे ढकललं जातं" म्हणून अंतिम नियमाकडेही पाठ फिरवतात. ही चूक जास्त महागात पडते.

नियमाची बातमी आली की तीन गोष्टी शोधा: हा मसुदा आहे की अंतिम, लागू कधीपासून, आणि आपल्या आकाराच्या युनिटाला वेगळी मुदत आहे का. अमेरिकेने १९९६ मध्ये हॅसॅप, म्हणजे धोके आधीच ओळखून ठरावीक टप्प्यांवर रोखायची पद्धत, सक्तीचं केलं तेव्हा मोठ्या कारखान्यांना जानेवारी १९९८, छोट्यांना जानेवारी १९९९ आणि अगदी छोट्यांना जानेवारी २००० अशी मुदत होती. एकच नियम, तीन तारखा. आपली तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर हवी, ईमेलच्या ढिगात नको.

आकडा वाचला, एकक वाचलंच नाही

या चुकीवर जरा जास्त वेळ घालवतो, कारण हिशेब चुकला तर दोन्ही बाजूंनी धोका आहे.

युरोपीय संघाने मांस टिकवण्यासाठी घालायच्या नायट्राइटच्या मर्यादा कमी केल्या आणि त्या ९ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाल्या. आधी बऱ्याचशा मांसपदार्थांसाठी घालायची कमाल मात्रा किलोमागे १५० मिलिग्रॅम होती. आता उष्णता दिलेल्या, पण डबाबंद पद्धतीने निर्जंतुक न केलेल्या पदार्थांसाठी ८० दिसते. वाचणारा म्हणतो, जवळजवळ निम्मी झाली. तसं नाही. जुना आकडा सोडियम नायट्राइटचा होता, नवा नायट्राइट आयनचा आहे. सोडियम नायट्राइटचा रेणूभार ६९, त्यातला नायट्राइटचा वाटा ४६. म्हणजे आयनचा आकडा दीडपट केला की सोडियम नायट्राइटचा आकडा मिळतो: ८० चे १२०. खरी कपात १५० वरून १२० वर आहे.

ज्याने हे पाहिलं नाही, तो सोडियम नायट्राइटच ८० वर आणतो. नायट्राइट नुसतं गुलाबी रंगासाठी नसतं. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जिवाणूला रोखणाऱ्या अडथळ्यांपैकी तो एक आहे. मीठ, पीएच (आंबटपणा), थंडावा या बाकीच्या गोष्टी न तपासता तो परस्पर कमी केला, तर पदार्थ कायद्यात बसतो पण आधीपेक्षा कमी सुरक्षित होतो. नव्या नियमात पदार्थात शेवटी उरणाऱ्या नायट्राइटलाही मर्यादा आहे, आणि प्रकारानुसार आकडे वेगळे आहेत. त्यामुळे आपला पदार्थ कोणत्या ओळीत बसतो हे आधी ठरवा.

पुढचा घोळ वजनकाट्यावर होतो. क्युरिंग मीठ, म्हणजे नायट्राइट मिसळलेलं मीठ, वेगवेगळ्या ताकदीचं मिळतं. ०.६ टक्के सोडियम नायट्राइटचं असेल तर किलोला २० ग्रॅम घातल्यावर १२० मिलिग्रॅम होतात. ६.२५ टक्क्यांचं असेल तर त्याच १२० साठी किलोला दोन ग्रॅमही लागत नाहीत, १.९२ पुरतात. पुरवठादार बदलला, पिशवी तशीच गुलाबी, आणि कामगाराने सवयीने किलोला २० ग्रॅम टाकले, तर किलोमागे १२५० मिलिग्रॅम जातात. हा माणसाला थेट विषबाधा करणारा प्रकार आहे. म्हणून पिशवी आली की त्यावरची टक्केवारी कृतीच्या कागदावर लिहायची, आणि कृती बॅचच्या वजनासकट ग्रॅममध्ये मांडायची. "दोन चमचे" हे माप या खोलीतून हद्दपार करा. आणि १० किलोच्या बॅचला १९ ग्रॅम मोजायचे असतील, तर पाच-पाच ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवणारा मोठा काटा उपयोगाचा नाही. छोटा, ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा घ्या.

जुन्या छापील पानाच्या भरवशावर शिजवणं

हॅसॅप योजनेत "हे तापमान का?" या प्रश्नाला शास्त्रीय आधार द्यावा लागतो. कित्येक युनिटांत तो आधार म्हणजे कुणीतरी फार पूर्वी दिलेली एक झेरॉक्स असते. एफएसआयएसने शिजवण्याचं आणि थंड करण्याचं मार्गदर्शन १४ डिसेंबर २०२१ ला सुधारून काढलं आणि जुन्या आवृत्तीवर चालणाऱ्यांना वर्षभराची मुदत दिली. त्यात ठळकपणे पुढे आला तो ओलाव्याचा मुद्दा.

कारण समजून घेतलं तर लक्षात राहतं. भट्टीत किंवा धुरीच्या कपाटात हवा कोरडी असेल, तर मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडतं आणि पृष्ठभाग थंड राहतो. वर तो सुकला की साल्मोनेला उष्णतेला जास्त दाद देईनासा होतो. आतला प्रोब, म्हणजे मांसात खुपसलेली तापमापीची सुई, ठरलेलं तापमान दाखवतो, पण वरच्या पातळ थरातले जिवाणू तगून राहू शकतात. तक्त्यात फक्त आतलं तापमान असेल तर ही गोष्ट कुणालाच दिसत नाही. डँपर (हवेची झडप) कधी बंद होता, वाफ किती वेळ दिली, ओल्या आणि कोरड्या बल्बचं तापमान (यावरून हवेतला ओलावा कळतो) काय होतं, हे नोंदवायला रकाना हवा. नियम बदलल्यावर तक्त्यात रकाना वाढला नाही, तर नियम पोचलाच नाही असं खुशाल समजा.

"शिजलं ना, मग झालं"

शिजवण्याने बहुतेक जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची कवचातली सुप्त रूपं, मरत नाहीत. उलट उष्णतेने ते जागे होतात. साधारण ५४ ते २७ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात त्यांची चंगळ असते. अनुकूल तापमानाला दहा मिनिटांच्या आसपास त्यांची संख्या दुप्पट होऊ शकते. म्हणून एफएसआयएसच्या मार्गदर्शनातला नेहमी वापरला जाणारा पर्याय असा आहे: ५४.४ वरून २६.७ अंशापर्यंत दीड तासात, आणि तिथून ४.४ पर्यंत पुढच्या पाच तासांत. पहिला टप्पा आखूड आहे तो याच कारणाने.

प्रत्यक्षात काय होतं? संध्याकाळी माल शिजतो, मोठ्या पातेल्यात तसाच चिलरमध्ये ढकलला जातो, दिवा बंद, कुलूप. सकाळी प्रोब ३ अंश दाखवतो आणि नोंद होते "थंड केले, ठीक". मधले बारा तास कुणी पाहिलेलेच नसतात. चिलर थंड माल थंड ठेवण्यासाठी असतो. गरम माल झपाट्याने थंड करण्याएवढी ताकद त्यात बहुधा नसते, वर त्या वाफेने शेजारच्या मालाचंही तापमान चढतं.

पहिला टप्पा चुकत असेल तर हा क्रम करून पाहा. थर उथळ करा, माल बोटभर-दोन बोटं जाडीपेक्षा जास्त रचू नका. पॅक केलेला असेल तर बर्फाच्या पाण्यात टाका, पाणी हलतं ठेवा. टांगलेल्या तुकड्यांमध्ये हवा फिरेल एवढी जागा ठेवा. प्रोब सगळ्यात जाड तुकड्याच्या मध्यात घाला. हाताशी येतो तो दाराजवळचा छोटा तुकडा, आणि तो नेहमीच लवकर थंड होतो. एवढं करूनही जमत नसेल तर बॅच लहान करा. नवीन यंत्र घेण्याआधी हे करून बघा, बहुतेकदा काम भागतं.

आणि वेळ हुकलीच तर? "परत उकळून घेऊ" हा सल्ला कुणीतरी देतोच. उकळल्याने वाढलेले परफ्रिंजन्स मरतील, पण स्टॅफिलोकॉकस या दुसऱ्या जिवाणूचं विष तयार झालं असेल तर ते उकळूनही टिकतं. माल बाजूला काढा, त्यावर "रोखलेला" असं लेबल लावा, किती वेळ कोणत्या तापमानाला गेला ते लिहा, आणि जाणकाराच्या लेखी मताशिवाय हलवू नका.

स्लायसर बाहेरून चकाचक

२००८ मध्ये कॅनडात कापलेल्या तयार मांसातून लिस्टेरिया या जिवाणूची साथ पसरली, २२ जणांचा जीव गेला. संशयाची सुई गेली ती स्लायसिंग यंत्रांच्या आत खोलवर साचलेल्या अवशेषांवर, जिथे रोजचा ब्रश पोचत नव्हता. लिस्टेरिया फ्रिजच्या थंडीतही वाढतो, त्यामुळे "थंडच आहे की" हा दिलासा इथे चालत नाही.

युरोपीय संघात १ जुलै २०२६ पासून लागू होणारा बदल याच जागेवर बोट ठेवतो. ज्या तयार पदार्थात लिस्टेरिया वाढू शकतो, त्यात मुदत संपेपर्यंत त्याची संख्या ग्रॅममागे १०० च्या वर जाणार नाही हे उत्पादकाने दाखवून दिलं पाहिजे. ते दाखवता आलं नाही तर २५ ग्रॅम नमुन्यात तो सापडताच कामा नये, आणि तेही नुसतं युनिटातून बाहेर पडताना नाही, विक्रीच्या पूर्ण मुदतीत. पूर्वी "आमच्याकडून निघाला तेव्हा स्वच्छ होता" म्हणता यायचं. आता पाकिटावरची वापरण्याची तारीख कशाच्या आधारावर टाकली, हा प्रश्न तुमच्याकडे येतो. "सगळे वीस दिवस टाकतात" हे उत्तर पुरणार नाही.

धुताना क्रम पाळा: आधी अवशेष काढणं, मग साबण, मग स्वच्छ पाणी, शेवटी निर्जंतुकीकरण. चरबी आणि रक्त राहिलेल्या पात्यावर क्लोरीन ओतलं तर ते चरबीशीच झुंजत संपतं. आणि महिन्यातून एकदा यंत्र पूर्ण उघडा. पहिल्यांदा उघडाल तेव्हा आत जे दिसेल त्याचा फोटो काढून ठेवा, कामगारांना शिकवायला त्याहून चांगलं साधन नाही.

छोट्या, पण तपासणीत हमखास सापडणाऱ्या

थर्मामीटर घेतला त्या दिवसापासून कुणी तपासलेलाच नसतो. ठेचलेला बर्फ भरलेल्या भांड्यात थोडं पाणी घालून त्यात बुडवा. शून्य दाखवलं पाहिजे. पाच मिनिटांचं काम.

मसाल्याचं तयार मिश्रण बदललं आणि त्यात मोहरी किंवा सोया आला, पण पाकिटावरचा घटकांचा कागद जुनाच राहिला. माल परत बोलवावा लागण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. मिश्रणाचं लेबल प्रत्येक नव्या पोत्यागणिक वाचायचं.

लॉट नंबर टाकला जातो, पण कालचा उरलेला खिमा आजच्या बॅचमध्ये मिसळला की दोन दिवसांचा माल एकच होतो. परत बोलवायची वेळ आली तर दोन्ही दिवस जातात. मिसळायचं असेल तर नोंदवा, नाहीतर दिवसाचा माल दिवसाला संपवा.

आणि "अन्नसुरक्षा संस्कृती". कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेने २०२० च्या सुधारणेत हा मुद्दा घेतला, युरोपीय संघाने २०२१ मध्ये तो कायद्यात आणला. बऱ्याच ठिकाणी त्याचं रूपांतर दारावरच्या पोस्टरमध्ये झालं. तपासनीस पोस्टर वाचत नाही. तो मांस कापणाऱ्या मुलाला विचारतो, "चिलर सात अंशावर दिसला तर काय करशील?" मुलगा मालकाकडे बघायला लागला की उत्तर मिळालं.

सुरुवातीच्या त्या चिलरवर आम्ही नवीन तक्ता लावला. जुन्यात तारीख, वेळ, तापमान आणि सही एवढंच होतं. नव्यात "काय केलं?" हा एक रकाना वाढवला, आणि नोंद करायचं काम ऑफिसातून काढून माल लावणाऱ्याकडे दिलं. पहिल्या आठवड्यात ४.६, ५.१ असे आकडे आले तेव्हा मालक अस्वस्थ झाले. जुना तक्ता दिसायला किती छान होता, असं म्हणाले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ५.९ ची नोंद होती आणि शेजारी वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं: "माल भरताना दार ४० मिनिटं उघडं. पडद्याच्या तीन पट्ट्या तुटल्यात." पट्ट्या दुसऱ्या दिवशी सकाळी बदलल्या.