केमिकल इंजिनिअरिंगकडे वळताय? या चुका टाळा

बारावीला केमिस्ट्री आवडली म्हणून केमिकल इंजिनिअरिंग घेतलं, असं अनेक मुलं सांगतात. आवड हवीच, पण पहिली गल्लत इथेच होते. कोणती अभिक्रिया होईल हे केमिस्ट्री सांगते. तीच रोज, टनांच्या हिशेबात, सुरक्षितपणे आणि परवडेल अशा खर्चात कशी घडवायची, हा इंजिनिअरचा प्रश्न. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबरने १९०९ मध्ये नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉशच्या देखरेखीखाली जर्मनीतल्या ओपाऊचा अमोनिया कारखाना १९१३ मध्ये सुरू झाला. मधल्या काळातली एक मोठी अडचण म्हणजे तापलेला, दाबाखालचा हायड्रोजन पोलादातला कार्बन ओढून घ्यायचा आणि नळ्या फुटायच्या. बॉशने आतून मऊ लोखंडाचं अस्तर दिलं आणि झिरपलेला वायू निसटावा म्हणून बाहेरच्या पोलादाला बारीक भोकं पाडली. समीकरणात काहीच बदललं नव्हतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फ्लास्कमधले आकडे जसेच्या तसे प्लांटला लावणं. एक लिटरच्या भांड्याऐवजी त्याच घडणीचा हजार लिटरचा रिअ‍ॅक्टर घेतला, तर पृष्ठभाग शंभरपट होतो, घनफळ हजारपट. प्रत्येक लिटरमागे उष्णता काढून घेणारी भिंत दहाव्या हिश्श्यावर येते. नायट्रेशनसारखी भरपूर उष्णता सोडणारी अभिक्रिया फ्लास्कमध्ये बर्फाच्या पाण्यात निमूट चालते. मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये जॅकेट, म्हणजे भिंतीभोवती थंड पाणी खेळवणारं आवरण, अपुरं पडतं, तापमान चढतं, त्यामुळे वेग वाढतो आणि उष्णता आणखी वाढते. हाच रनअवे. १९८४ साली भोपाळला मिथाइल आयसोसायनेट या विषारी रसायनाच्या टाकीत पाणी शिरलं, तेव्हा ती टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. म्हणून अशा अभिक्रियेत एक घटक हळूहळू सोडतात, आणि तो सोडला जातोय तसा खर्चही होतोय ना, हे तपासत राहतात. तो नुसता साचत गेला तर हळू सोडण्याला काही अर्थ नाही.

प्लांटमध्ये उत्पादन घटलं की लगेच कॅटॅलिस्टला (अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाला) दोष देऊ नका. आधी स्टररचा वेग बदलून पाहा. वेग वाढवल्यावर अभिक्रियाही वाढली, तर अडचण बहुधा मिसळण्यात आहे. आणि त्याआधी मास बॅलन्स मांडा: आत गेलं किती, बाहेर आलं किती, साठलं किती.

आणखी एक समज: डिस्टिलेशन कॉलम उंच केला की शुद्धता हवी तेवढी मिळते. महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या पेट्रोलमध्ये मिसळायला इथेनॉल करतात. साध्या दाबाला वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांवर इथेनॉल आणि पाणी एकाच प्रमाणात उकळू लागतात. पुढे कॉलममधले ट्रे (आडवे थर) कितीही वाढवा, उपयोग नाही. उरलेलं पाणी मॉलिक्युलर सीव्हने, म्हणजे पाण्याचे रेणू धरून ठेवणाऱ्या सच्छिद्र दाण्यांनी, शोषून घ्यावं लागतं.

संशोधन म्हणजे फक्त रिफायनरी, असंही धरून बसू नका. कॅटॅलिसिस, पॉलिमर, मेम्ब्रेन, बायोप्रोसेस, बॅटरी, कार्बन कॅप्चर, संगणकावर प्रवाहाचं गणित, ही सगळी याच शाखेची कामं. १९३३ साली सुरू झालेल्या मुंबईच्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), प्रा. एम. एम. शर्मांनी वायू-द्रव अभिक्रियांवर केलेलं काम जगभर वाचलं गेलं. पुण्याच्या एनसीएलमध्ये (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) कॅटॅलिस्ट आणि पॉलिमरवर दीर्घकाळ काम झालंय. मार्गदर्शक निवडताना विषयाच्या नावावर भाळू नका. तिथल्या संशोधक विद्यार्थ्यांना विचारा: हा प्रयोग फ्लास्कच्या पुढे कुणी नेलाय का, आणि नेला तेव्हा काय बिघडलं?